जुन्या जीपगाडीची निगा व घरच्या घरी दुरुस्ती

शेतकऱ्याच्या दारी बैल, गाडा व नांगर यांच्या जोडीस गेल्या पाऊणशे वर्षांत जे एक नवे वाहन येऊन उभे राहिले, ते म्हणजे जीपगाडी. बांधावरून, ओढ्यातून, खाजणाच्या चिखलातून व डोंगराच्या चढावरून ती सारख्याच निष्ठेने चालते. परंतु म्हाताऱ्या बैलास दावणीस बांधून मरेपर्यंत चारा घालणारा आमचा शेतकरी याच गाडीस मात्र दोन पावसाळे आंब्याखाली उघड्यावर उभी ठेवतो व अखेर भंगारवाल्यास वजनावर देऊन मोकळा होतो, हे मोठे विपरीत होय. अशा गाड्यांपैकी पुष्कळशा थोड्या श्रमाने व थोड्या पैशात पुन्हा कामास लावता येतात, असा आमचा अनुभव आहे. तो वाचकांच्या उपयोगी पडावा म्हणून हा लेख लिहीत आहोत.

आमच्या उपनगर जिल्ह्यात या गोष्टीचे महत्त्व विशेष आहे. बोरिवलीहून गोराईस खाडी ओलांडून तरीने काही मिनिटांत जाता येते. पण गाडीरस्त्याने जावयाचे तर भाईंदर व उत्तन असा मोठा वळसा पडतो. रात्री तर बंद असता घरात कोणी आजारी पडले, तर दारात उभी असलेली गाडी पहिल्या हाकेस चालू होते की नाही, यावर मनुष्याचा जीव अवलंबून असतो. तेथे हौसेचा प्रश्न उरत नाही.

जीप आपल्याकडे कशी आली

मूळ जीप ही दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकन लष्करी गाडी. १९४१ पासून विलिस व फोर्ड या कारखान्यांनी ती लक्षावधी संख्येने बांधली. लढाई संपल्यावर ती शेतीकामासही पत्करली गेली. आपल्याकडे १९४५ साली निघालेल्या व १९४८ साली 'महिंद्र अँड महिंद्र' असे नाव धारण केलेल्या कंपनीने १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलिस जीपची जुळणी आरंभिली व पुढे तिचे भाग येथेच बनविले. याच कंपनीच्या पुढाकाराने १९६३ साली 'इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया' स्थापन झाली. ती १९७७ साली मूळ कंपनीत विलीन झाली. कांदिवलीस आकुर्ली रस्त्यावरचा कारखाना उपनगरातील जुन्या माणसांच्या चांगला परिचयाचा आहे. त्यामुळे या गाडीचे जाणकार फिटर व मिस्त्री आपल्या भागात पिढ्यानुपिढ्या तयार झाले, हा आपला मोठाच लाभ होय.

जुन्या गाड्यांत दोन जाती मुख्यत्वे आढळतात. एक, 'हरिकेन' नावाचे चार सिलिंडरांचे सुमारे २,२०० घनसेंटिमीटरचे पेट्रोल एंजिन असलेली. हिचे इनलेट व्हॉल्व्ह वर डोक्यात व एक्झॉस्ट व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये असतात. दुसरी डिझेलवरची; १९७० च्या दशकात पेट्रोल महाग झाल्यावर हिचा प्रसार झाला. एंजिन वगळता बाकी अंगाची निगा दोहोंस बहुतेक सारखीच लागू पडते.

काय घरी करावे व काय करू नये

तेल बदलणे, ग्रीस देणे, प्लग, पॉईंट व कंडेन्सर बदलणे, पंख्याचा पट्टा व रबरी नळ्या घालणे, ब्रेकची तपासणी करणे, गंज काढून रंग देणे, ही कामे कोणाही समंजस शेतकऱ्यास घरी करता येतात. एंजिन उघडून क्रँक घासणे, गिअरबॉक्स खोलणे, चासिसला जोड देऊन वेल्डिंग करणे, डिझेल पंपाची जुळवणी करणे, ही कामे मात्र अनुभवी मिस्त्र्याकडेच द्यावीत. त्यांतही आपण जवळ उभे राहून पाहावे, व बदललेला जुना भाग परत मागून घ्यावा.

आमच्या परिचयाच्या एका बागाईतदारांची जीप गरम झाली की धक्के देई व बंद पडे. थंड झाली की पुन्हा चालू होई. एका गॅरेजात त्यांस एंजिन संपूर्ण बांधून घेण्याचा सल्ला मिळाला, व त्यासाठी सांगितलेली रक्कम ऐकून त्यांनी गाडी विकावयास काढली. विकण्यापूर्वी एका वृद्ध फिटरने डिस्ट्रिब्युटरमधील कंडेन्सर तेवढा बदलून पाहिला. रोग तेवढाच होता. गाडी आजही भाजी वाहते. बिघाडाचे लक्षण नीट ध्यानात घेतले, तर खर्चाच्या आधी कारण सापडते, हा यातील बोध होय.

हत्यारे थोडी परंतु चांगली असावीत. ही गाडी मूळची अमेरिकन असल्याने तिचे बहुतेक नट इंची मापाचे आहेत. मिलिमीटरचा पाना बळेच घातल्यास नटाचे कोपरे गोल होतात. म्हणून इंची पान्यांचा संच वेगळा ठेवावा. शिवाय ग्रीसगन, फीलर गेज, पक्कड, लाकडी दांड्याची हातोडी, चांगला जॅक व दोन मजबूत लोखंडी घोड्या एवढे पुरे होते.

गाडी उचलण्यापूर्वी

येथे एक गोष्ट जीव वाचविणारी असल्याने ठळकपणे सांगतो. जुन्या जीपचा हातब्रेक मागील चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या मागे, शाफ्टवरील ड्रमवर चालतो. त्यामुळे मागचे एक चाक जॅकवर उचलताच हातब्रेक निरुपयोगी होतो. उचललेले चाक मोकळे फिरते व गाडी जॅकवरून घसरू शकते. शाफ्ट काढला असताही हीच अवस्था होते. यास्तव जमिनीवरील चाकांस पुढे व मागे दोन्हीकडून लाकडाचे जाड ठोकळे लावल्याखेरीज गाडी उचलू नये. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नये, व विटांची चळत तर कदापि लावू नये. वीट भाराखाली अकस्मात फुटते.

दुसरे असे की, अनेक जुन्या जीपमध्ये डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट आट्यांचे असतात. नेहमीच्या दिशेने जोर करणारा मनुष्य ते सोडविण्याऐवजी आणखी आवळतो व अखेर स्टड तोडतो. म्हणून जोर लावण्यापूर्वी स्टडचे आटे कोणत्या दिशेस वळतात ते पाहावे.

वंगण

जीपच्या मूळ पुस्तकात दर १,००० मैलांस, म्हणजे सुमारे १,६०० किलोमीटरांस, खालच्या सांध्यांना ग्रीस देण्यास व दर २,००० मैलांस एंजिनचे तेल बदलण्यास सांगितले आहे. शेतातील गाडी किलोमीटर थोडे चालते, पण धूळ व पाणी फार खाते. म्हणून अंतरापेक्षा महिने मोजावेत. पावसाळ्यात दर पंधरवड्यास व खाडीच्या पाण्यातून गेल्यास त्याच दिवशी ग्रीस द्यावे. निपल प्रथम फडक्याने स्वच्छ पुसावी, नाहीतर ग्रीसबरोबर वाळू आत जाते. जुने मळकट ग्रीस सांध्यातून बाहेर येऊन नवे दिसू लागेपर्यंत गन चालवावी. पाट्यांचे शॅकल, स्टिअरिंगचे सांधे व शाफ्टचे क्रॉस ही ठिकाणे विसरू नयेत.

हवेचा फिल्टर जुन्या गाडीत तेलाच्या वाटीचा असतो. आत येणारी हवा तेलावर आपटून आपली धूळ तेथेच टाकते. कोरड्या दिवसांत कच्च्या रस्त्यावर गाडी चालत असेल, तर ही वाटी आठवड्यास उघडून पाहावी. तळाशी गाळ साचला असल्यास ती रॉकेलने धुऊन खुणेपर्यंतच नवे तेल भरावे. खुणेच्या वर भरल्यास एंजिन ते ओढून घेते व धूर काढते. या दोन वाट्या तेलाकडे दुर्लक्ष झाल्याने सिलिंडर झिजलेली एंजिने आम्ही पाहिली आहेत.

जळके तेल नाल्यात, विहिरीजवळ किंवा बांधावर ओतू नये. ते कुजत नाही. पाण्यावर पसरते व जमीन नासवते. डब्यात साठवून जुने तेल घेणाऱ्या अधिकृत व्यापाऱ्यास द्यावे.

पाण्यात बुडालेली गाडी

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, हे उपनगरवासी विसरलेले नाहीत. कुर्ला व कालिना भागांत मिठी नदीचे पाणी चढून असंख्य गाड्या बुडाल्या. तितका पाऊस रोज पडत नसला, तरी गुडघाभर पाण्यातून जाण्याचा प्रसंग प्रत्येक पावसाळ्यात येतोच.

पाण्यात एंजिन बंद पडल्यास सेल्फ मारण्याची घाई करू नये. पाणी हवेप्रमाणे दाबले जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असता एंजिन जोराने फिरविले, तर कनेक्टिंग रॉड वाकतो व दोनशे रुपयांचे काम हजारोंवर जाते. गाडी ओढून कोरड्या जागी आणावी, बॅटरीची तार सोडवावी, पेट्रोल एंजिनचे चारही प्लग काढावेत व पुढील हँडलने एंजिन हलकेच फिरवून पाणी बाहेर काढावे. तेल बदलल्यावरच ते चालू करावे.

पुष्कळांच्या ध्यानात न येणारे नुकसान एक्सल व गिअरबॉक्समध्ये होते. चालून तापलेला एक्सल थंड पाण्यात बुडताच आतील हवा आकसते व सीलमधून पाणी आत ओढले जाते. त्यासाठी एक्सलवर हवा येण्याजाण्याचे लहान छिद्र, म्हणजे ब्रीदर, असते. ते चिखलाने बुजलेले असल्यास पाणी हटकून शिरते. गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी तळाचे बूच किंचित सैल करावे. पाणी जड असल्याने तेच प्रथम गळते. तेल दुधाळ चहासारखे दिसल्यास ते सर्व काढून नवे गिअर ऑईल भरावे. पुढचा एक्सल, मागचा एक्सल, गिअरबॉक्स व ट्रान्सफर केस ही चारही ठिकाणे तपासावीत. पुढील एक्सलच्या टोकांस जे मोठे लोखंडी गोळे असतात, त्यांवरील सील फाटले असल्यास तेही बदलावे. अन्यथा आतील सांधे व किंगपिन गंजून स्टिअरिंग जड होते.

एंजिन चालू होत नसेल तर

पेट्रोल एंजिनास ठिणगी व इंधन या दोन गोष्टी हव्यात. यास्तव एक एक तपासावी. प्रथम बॅटरीच्या टोकांवरचा पांढरा थर गरम पाण्याने धुऊन तारा घट्ट कराव्यात. निम्मे रोग येथेच बरे होतात. नंतर एक प्लग काढून त्यास तार जोडावी, त्याची धातूची बाजू एंजिनास टेकवावी व सेल्फ मारून ठिणगी पाहावी. जवळ पेट्रोल सांडलेले नसावे. ठिणगी निळी व जोरदार असावी. पिवळी किंवा क्षीण असल्यास पॉईंट, कंडेन्सर व डिस्ट्रिब्युटरच्या टोपणातील ओल पाहावी. हरिकेन एंजिनाच्या पॉईंटमधील अंतर ०.५ मिलिमीटर, प्लगचे सुमारे ०.७५ मिलिमीटर ठेवावे. थंड एंजिनात इनलेट व्हॉल्व्हची मोकळीक ०.०१८ इंच व एक्झॉस्टची ०.०१६ इंच असते. प्लगच्या तारांची सुटझाल्यास १, ३, ४, २ हा क्रम ध्यानात ठेवावा.

ठिणगी चांगली असता एंजिन चालत नसेल, तर इंधनाकडे वळावे. येथे आजकाल एक नवे कारण उपस्थित झाले आहे. २०२५ पर्यंत देशात पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळले जाऊ लागले. हे इथेनॉल मोठ्या प्रमाणात उसापासून होते, त्यामुळे आपल्या ऊसकरी बांधवांस त्याचा लाभ आहे व त्याविरुद्ध आमचे काही म्हणणे नाही. तथापि, पन्नास वर्षांपूर्वीच्या गाडीचे रबर व बुचाची गॅस्केटे या मिश्रणासाठी केलेली नव्हती. ती मऊ होतात, फुगतात किंवा भेगाळतात. शिवाय इथेनॉल हवेतील ओल शोषून घेते. टाकीत पाणी फार झाले, तर ते पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाशी बसते. म्हणून सर्व इंधननळ्या व पंपाचा पडदा इथेनॉल सोसणाऱ्या नव्या रबराचा घालावा, नळ्यांस दर महिन्यास हात लावून पाहावे, व गाडी महिनोन्महिने उभी ठेवावयाची असल्यास टाकी व कार्बुरेटर रिकामे करावे. पेट्रोलचा वास येत असलेली गाडी गोठ्यात किंवा गवताच्या गंजीजवळ उभी करू नये.

डिझेल गाडी बहुधा फिल्टरमधील पाणी किंवा नळीत शिरलेली हवा यांमुळे अडते. फिल्टरच्या तळाचे पाणी सोडावे व हातपंपाने इंधन चढवून बुडबुडे थांबेपर्यंत हवा काढावी.

ब्रेक

एंजिन बिघडले तर गाडी उभी राहते. ब्रेक बिघडला तर ती उभी राहत नाही. म्हणून दुरुस्तीचा आरंभ नेहमी ब्रेकपासून करावा. जुन्या जीपच्या चारही चाकांचे ब्रेक एकाच मास्टर सिलिंडरवर चालतात. एका चाकाची नळी फुटली की चारही चाकांचा दाब जातो. आजच्या गाड्यांत असतात तशी दोन स्वतंत्र मंडले तीत नाहीत. घोडबंदरच्या उतारावर भरलेल्या गाडीस याचा अर्थ काय होतो, तो सांगावयास नको.

दर महिन्यास प्रत्येक चाकाच्या आतील बाजूस ओल आहे काय ते पाहावे. पेडल दाबून धरले असता ते हळूहळू खाली जाऊ लागल्यास आत गळती आहे असे समजावे. ब्रेक ऑईल हवेतील ओल शोषते व आतून सिलिंडर गंजवते. यास्तव दर दोन वर्षांनी ते सर्व बदलावे. त्यात एंजिनचे तेल एक थेंबही पडू देऊ नये. रबरी वॉशर फुगून ब्रेक जागच्या जागी धरून बसतात. ड्रममधील धूळ फुंकून किंवा हवेच्या नळीने उडवू नये. जुन्या लायनरांत ॲस्बेस्टॉस असते व त्याची धूळ फुप्फुसास घातक आहे. ओल्या फडक्याने ती पुसून घ्यावी. एका चाकाचा लायनर बदलावयाचा झाल्यास जोडीच्या चाकाचाही बदलावा, नाहीतर गाडी एका अंगास ओढते. काम पुरे झाल्यावर प्रथम मोकळ्या सपाट शेतात, बैलाच्या चालीने, ब्रेक पारखून पाहावा व मगच रस्त्यावर यावे.

चार चाकांची ओढ

जीपमध्ये दोन लहान दांडे असतात. एकाने पुढची चाके ओढीस लागतात, दुसऱ्याने जड गती मिळते. तीन गिअरच्या जुन्या हरिकेन जीपमध्ये जड गतीच्या पहिल्या गिअरात एंजिनाचे सुमारे ३७ फेरे होतात तेव्हा चाकाचा एक फेरा होतो; चिखलात तिचे बळ यातच आहे. पण कोरड्या डांबरी रस्त्यावर पुढची ओढ लावून चालू नये. वळणावर पुढची व मागची चाके सारखे अंतर चालत नाहीत, व मधला फरक सोसण्याची सोय या गाडीत नसल्याने सर्व ताण शाफ्ट व दात्यांवर येतो. चारही टायर एकाच मापाचे व सारख्या झिजेचे असावेत, याचे कारणही हेच.

गंज

गोराई, मनोरी, मढ या किनाऱ्याच्या गावांत गाडी चालून झिजते त्याहून उभी राहून अधिक झिजते. खारी हवा व खारा चिखल पत्र्याच्या दुमडीत बसतो. खाडीकाठी किंवा वाळूवर गाडी गेल्यास त्याच संध्याकाळी गोड्या पाण्याने खालून धुवावी. चासिसला हातोडीने हलके ठोकत जावे. खणखणीत नाद आला तर लोखंड शाबूत, बद्द आवाज आला तर आतून पोखरलेले. गंज तारेच्या ब्रशाने मुळापर्यंत काढावा, रेड ऑक्साईडचा हात द्यावा व वर रंग द्यावा. गंजावरच डांबर फासणे म्हणजे जखम न धुता तीवर पट्टी बांधणे होय.

दप्तर

आमचा जन्म महसुली दप्तर सांभाळण्यात गेल्याने हे प्रकरण आम्हांस वगळता येत नाही. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांपुरती असते. त्यापुढे तपासणी करून ती पाच पाच वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते. पर्यावरण कर, विमा व धुराचे प्रमाणपत्र ही निराळी. उपनगरवासीयांस आपापल्या हद्दीप्रमाणे अंधेरी, बोरिवली किंवा वडाळा येथील परिवहन कार्यालयात जावे लागते. पेट्रोल एंजिन काढून डिझेल बसविले असल्यास ते परवानगी घेऊन नोंदणीपुस्तकात लिहून घेतले पाहिजे. खरेदीखत झाले पण फेरफार झाला नाही, अशा जमिनीचे जे हाल होतात तेच अशा गाडीचे होतात. अपघात घडल्यास विमा कंपनी प्रथम एंजिनाचा क्रमांक पाहते. जुनी गाडी घेणाऱ्याने एंजिन व चासिस यांचे क्रमांक पुस्तकाशी स्वतः ताडून पाहावेत, व मगच बयाणा द्यावा.

समारोप

प्रत्येक जीपवाल्याने एक वही घालावी. तेल केव्हा बदलले, कोणता भाग कोठून व किती किमतीस आणला, पाण्यात गाडी केव्हा गेली, हे तारीखवार लिहावे. वर्षअखेर बेरीज केल्यास गाडी ठेवणे परवडते की विकणे, याचा निर्णय ऐकीव गोष्टींवर न होता आकड्यांवर होईल. चासिस पोखरलेली असेल व ब्रेकचे भाग मिळेनासे झाले असतील, तर मोह सोडून गाडी मोडीत द्यावी हेच शहाणपण. परंतु हाडपेर शाबूत असता केवळ निगेवाचून तिचा त्याग करू नये.

शेवटी एक सूचना. इंची पाने, ग्रीसगन व लोखंडी घोड्या प्रत्येकाने विकत घेण्याचे कारण नाही. संघाने एक संच घेऊन तो सभासदांस नाममात्र भाड्याने द्यावा, व मृगापूर्वी एका रविवारी एखाद्या अनुभवी फिटरास बोलावून सर्व जीपवाल्यांनी आपापल्या गाड्यांचे ब्रेक एकत्र तपासावेत. तरुण मुलांसही त्या दिवशी हाताशी घ्यावे. म्हातारे फिटर एक एक करून कमी होत आहेत, आणि त्यांच्या हातातील विद्या कोणत्याही पुस्तकात पूर्णपणे उतरलेली नाही.